रक्तातील फॉस्फेट आणि सेप्सिस : दोन शब्दांच्या भेटीचा इतिहास

१

सेप्सिस झालेल्या रोग्याच्या रक्तातील फॉस्फेटाचे प्रमाण वारंवार उतरलेले आढळते, ही गोष्ट अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या डॉक्टरांना आज नवीन राहिलेली नाही. निरोगी प्रौढ माणसाच्या रक्तद्रवात हे प्रमाण, फॉस्फरसाच्या हिशेबाने मोजले असता, दर डेसिलिटरला सामान्यतः २.५ ते ४.५ मिलिग्रॅम असते. ते १ मिलिग्रॅमच्या खाली गेले म्हणजे न्यूनता तीव्र समजतात. ह्या निरीक्षणाला वैद्यकीय वाङ्मयात ठळक स्थान मिळाले ते १९६९ साली. सेप्सिस हा शब्द अडीच हजार वर्षांहून जुन्या परंपरेतला, आणि फॉस्फरस हा पदार्थ त्या वेळी बरोबर तीनशे वर्षांपूर्वी सापडलेला. तरीही दोहोंचा संबंध ध्यानात येण्यास इतका विलंब का लागावा, आणि तो ध्यानात आल्यावरही त्याचा अर्थ लावताना एकवाक्यता का होऊ नये, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

प्रस्तुत लेखक वैद्यकशास्त्राचा अभ्यासक नव्हे. त्याचा विषय भाषा. तथापि ह्या इतिहासातील एक मोठी अडचण शब्दांचीच आहे असे त्याचे मत आहे. 'रक्तात कमी' आणि 'शरीरात कमी' ह्या दोन भिन्न गोष्टी दीर्घकाळ एकाच नावाच्या छायेखाली राहिल्या, आणि रोग्याला फॉस्फेट द्यावे किंवा न द्यावे, दिले तर कशासाठी, हा प्रश्न त्या छायेत सापडला. म्हणून आधी दोन्ही शब्दांची स्वतंत्र चरित्रे पाहू, आणि नंतर त्यांची भेट.

२

सेप्सिस हा शब्द ग्रीक होय. त्याच्या मुळाशी असलेले क्रियापद होमरच्या 'इलियड'मध्ये येते. एके ठिकाणी, वर्षानुवर्षे किनाऱ्यावर पडून राहिलेल्या जहाजांची लाकडे कुजली असे सांगताना. दुसऱ्या ठिकाणी, हेक्टरचे शव इतके दिवस लोटूनही कुजले नाही असे सांगताना. म्हणजे हा शब्द मुळात वैद्यकाचा नव्हता. लाकूड, मांस, जे जे म्हणून सडते त्या सर्वांना तो सारखाच लागू होता.

हिप्पोक्रातीसच्या नावाने चालत आलेल्या ग्रंथसमूहात त्याला वैद्यकीय रूप आले आणि एक प्रतिपक्षही मिळाला. तो म्हणजे 'पेप्सिस'. शरीरातील द्रव्य नीट शिजून, परिपक्व होऊन निवळणे ही पेप्सिस. आणि ते नासून घातक होणे ही सेप्सिस. ह्यांपैकी पेप्सिस हा शब्द आपल्या घरचाच आहे. त्याचे मूळ आणि संस्कृत 'पच्' धातू ही एकाच आद्य भारत-युरोपीय धातूची अपत्ये असून पचन, पक्व, पाक हे त्याचे सख्खे भाऊबंद होत. मराठीत गळू 'पिकते' आणि जखम 'चिघळते'. पिकण्यात कल्याणाची आशा आहे, चिघळण्यात नाही. ग्रीक वैद्यांनी जो भेद दोन पारिभाषिक नामांनी केला तो आपल्या बायाबापड्यांच्या बोलीत दोन क्रियापदांनी आजही होत आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात 'आमपक्वैषणीय' नावाचा स्वतंत्र अध्यायच आहे. सूज कच्ची आहे, पिकत आहे की पिकलेली आहे हे ओळखणे ही त्यात शल्यवैद्याची कसोटी मानली आहे.

सेप्सिसला मात्र असा सर्वमान्य आप्त संस्कृतात दाखविता येत नाही. तिच्या परिवारातील दुसरा शब्द आपल्याशी नाते सांगतो, तो म्हणजे पू. मराठी 'पू' हा संस्कृत 'पूय'पासून आलेला. लॅटिन 'पुस', ज्यावरून इंग्रजी 'पस' आला, आणि ग्रीक 'प्यूऑन' हे सारे एकाच धातूचे विस्तार. डॉक्टर 'पस झाला' म्हणतात आणि रोग्याची आई 'पू झाला' म्हणते तेव्हा दोघे एकच प्राचीन शब्द उच्चारीत असतात. 

आधुनिक काळात ह्या शब्दाचा अर्थ ज्या रीतीने सरकत गेला ती पाहण्यासारखी आहे. १७५० साली जॉन प्रिंगल ह्यांनी सडणे थांबविणाऱ्या द्रव्यांवर प्रयोग केले तेव्हा 'अँटिसेप्टिक' म्हणजे शब्दशः 'कुजण्यास विरोध करणारे' असाच त्यांचा अर्थ होता. १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइस ह्यांनी शवविच्छेदन करून प्रसूतिगृहात येणाऱ्या विद्यार्थ्यांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्यास लावले आणि बाळंतज्वराने होणारे मृत्यू झपाट्याने घटले. त्यांच्या मनातील कल्पनाही शवातील सडक्या कणांचीच होती. १८६७ साली लिस्टर ह्यांनी कार्बॉलिक आम्लाने जखमा राखण्याची पद्धती प्रसिद्ध केली. तेव्हाही शत्रू होता तो जखमेतील कुजणे हाच. फरक इतकाच की ते कुजणे सूक्ष्म जीव घडवितात हे पाश्चरच्या संशोधनावरून लिस्टर ह्यांना उमगले होते. १८७८ साली कॉख ह्यांनी जखमांच्या संसर्गात विशिष्ट जंतू दाखवून दिले आणि 'कुजणे' ह्या कल्पनेची गरजच कमी होऊ लागली. फ्रेंच वैद्य पिओरी ह्यांनी प्रचारात आणलेला 'सेप्टिसेमिया' हा शब्द त्याआधीच रूढ झाला होता. त्यातील 'एमिया' म्हणजे रक्तातील स्थिती. नासण्याची जागा अशा रीतीने जखमेतून रक्तात गेली.

१९१४ साली जर्मन वैद्य शॉटम्युलर ह्यांनी जी व्याख्या केली तीत कुजण्याचा मागमूस नाही. शरीरात एखादे केंद्र निर्माण व्हावे, तेथून जंतू सतत वा मधून मधून रक्तात शिरावेत आणि त्यामुळे लक्षणे उद्भवावीत, म्हणजे सेप्सिस. १९९१ साली अमेरिकेत रॉजर बोन प्रभृती तज्ज्ञांची परिषद भरली आणि तीत भर जंतूंवरून शरीराच्या दाहयुक्त प्रतिसादावर आला. २०१६ सालच्या तिसऱ्या आंतरराष्ट्रीय व्याख्येने तर सेप्सिस म्हणजे संसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद बेबंद होऊन इंद्रियांच्या कार्यात आलेला प्राणघातक बिघाड, असे ठरविले. कुजलेल्या लाकडापासून बेबंद प्रतिसादापर्यंत एका शब्दाने केलेला हा प्रवास अर्थांतराचे असे उदाहरण आहे की पाठ्यपुस्तकासाठी दुसरे शोधावयास नको. मराठीत मात्र 'जखम सेप्टिक झाली' हा वाक्प्रचार लिस्टरच्या काळाचा अर्थ धरून आहे; आणि घरामागील 'सेप्टिक टँक' ह्या बांधकामाच्या शब्दात तर होमरचा मूळ अर्थ अद्याप शाबूत आहे.

ह्या अर्थांतराचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. जोवर सेप्सिस म्हणजे कुजणे होते तोवर ती नाकाने आणि डोळ्याने ओळखावयाची गोष्ट होती. रक्तातील क्षाराचे प्रमाण मोजण्याचा प्रश्नच तेथे उद्भवत नव्हता. सेप्सिस ही साऱ्या शरीराच्या चयापचयाची अवस्था आहे असे मानल्यावरच तो प्रश्न विचारता येतो.

३

दुसऱ्या शब्दाचे चरित्र थोडक्यात सांगता येईल. १६६९ साली हँबर्ग येथील हेनिग ब्रांड हा किमयागार सोने मिळविण्याच्या आशेने मूत्र आटवीत असता त्याला अंधारात प्रकाशणारा एक मेणासारखा पदार्थ मिळाला. त्या काळी अंधारात चमकणाऱ्या कोणत्याही पदार्थास 'फॉस्फरस' म्हणत. बोलोन्या येथील चमकणारा दगडही फॉस्फरसच म्हणविला जाई. ब्रांडच्या पदार्थाने ते सामान्यनाम स्वतःकडे ओढून घेतले. हा अर्थसंकोच झाला. त्याआधी ग्रीकांमध्ये 'फॉस्फोरोस' हे पहाटेच्या शुक्राचे नाव होते. 'फॉस' म्हणजे प्रकाश आणि 'फोरोस' म्हणजे वाहणारा. पहिल्याचा संस्कृत 'भा' ह्या धातूशी आणि दुसऱ्याचा 'भृ' ह्या धातूशी सगोत्र संबंध आहे. फॉस्फरसाला धातू धातूगणिक संस्कृतात उतरवावयाचे तर 'भाभर' म्हणावे लागेल.

१७८७ साली ग्वितों द मोर्वो, लाव्हाझिए, बेर्तोले आणि फूर्क्र्वा ह्यांनी रसायनाची नवी नामपद्धती प्रसिद्ध केली. तीत आम्लाच्या प्रकारावरून क्षारनामाचा प्रत्यय ठरविला गेला, आणि 'फॉस्फेट' व 'फॉस्फाइट' हे भेद पडले. पाणिनीय परंपरेत वाढलेल्या वाचकास ही गोष्ट आवडावी: येथे प्रत्यय बदलला की पदार्थ बदलतो.

मराठीत ह्या मूलद्रव्याला 'स्फुरद' हे सुरेख नाव मिळाले आहे. 'स्फुर्' म्हणजे स्पंद पावणे, लकाकणे. मात्र हा शब्द शेतीतच रमला. 'नत्र, स्फुरद, पालाश' ही त्रयी आपल्या शेतकऱ्याच्या तोंडी बसलेली असून खताच्या पोत्यावरील १०:२६:२६ ह्या आकड्यांपैकी मधला आकडा स्फुरदाचा हे त्याला सांगावे लागत नाही. रुग्णालयात मात्र तोच शेतकरी रोगी होऊन आला म्हणजे त्याच्या अहवालावर 'फॉस्फरस' असते. त्यातही एक गंमत अशी की, अहवालात नाव मूलद्रव्याचे असले तरी रक्तात जे फिरते ते फॉस्फेटच असते. शुद्ध फॉस्फरस रक्तात असता तर तो रोगी अहवाल यावयाच्या आत विषबाधेने दगावला असता.

४

नाव असणे आणि मोजता येणे ह्यांत अंतर असते. रक्तासारख्या थोड्या द्रवात फॉस्फेट अचूक मोजणे विसाव्या शतकाच्या आरंभीही कष्टाचे होते. १९२० साली बेल आणि डॉइझी ह्यांनी रंगावरून मोजण्याची पद्धती दिली. फॉस्फेटाचा मॉलिब्डेटाशी संयोग घडवून तो निळा करावयाचा आणि निळाईच्या गडदपणावरून प्रमाण काढावयाचे, असे तिचे तत्त्व होते. परंतु हा रंग टिकाऊ व भरवशाचा नव्हता. १९२५ साली हार्वर्ड येथे सायरस फिस्के आणि यल्लाप्रगडा सुब्बाराव ह्यांनी रंग उत्पन्न करणारे द्रव्य बदलून ही पद्धती इतकी सुधारली की पुढे अनेक दशके जगभरच्या प्रयोगशाळांत ती त्यांच्याच नावाने चालू राहिली.

सुब्बाराव हे आंध्रातील भीमवरमचे, जन्म १८९५. मद्रासला वैद्यकाचे शिक्षण घेऊन आणि तेथील आयुर्वेद महाविद्यालयात काही काळ शिकवून ते अमेरिकेस गेले. त्यांच्या ह्या पद्धतीनेच त्यांना पुढील शोधाकडे नेले. स्नायूच्या अर्कात निळा रंग अपेक्षेप्रमाणे चटकन न येता रेंगाळत येतो, असे दिसून आले. दुसऱ्या एखाद्याने तो दोष समजून सोडून दिला असता. येथे मात्र त्या विलंबाचे कारण शोधण्यात आले, आणि फॉस्फेट एका अस्थिर संयुगात बांधलेले असून ते आम्लात हळूहळू सुटते असे निष्पन्न झाले. ते संयुग म्हणजे १९२७ साली जाहीर झालेले फॉस्फोक्रिएटिन. इंग्लंडमध्ये एगल्टन दांपत्यानेही त्याच वर्षी ह्याच द्रव्याचा माग काढला होता. १९२९ साली जर्मनीत लोमान ह्यांनी आणि स्वतंत्रपणे फिस्के-सुब्बाराव ह्यांनी एटीपी हे द्रव्य वेगळे केले, आणि १९४१ साली लिपमान ह्यांनी पेशीची सारी ऊर्जा फॉस्फेटाच्या बंधांतून कशी खेळते हे मांडले. फॉस्फेट हा केवळ हाडांचा चुना-माती असा पदार्थ नसून प्रत्येक पेशीचे रोजचे चलन आहे हे ह्यामुळे स्पष्ट झाले. त्यापूर्वी १९०६ च्या सुमारास हार्डन आणि यंग ह्यांनी यीस्टच्या अर्कात साखर आंबण्यास फॉस्फेट लागते व त्या क्रियेत ते साखरेशी बांधले जाते हे दाखविले होतेच. हा मुद्दा वाचकाने ध्यानात ठेवावा, कारण पुढे सर्व काही ह्यावर फिरणार आहे.

जाता जाता एक योगायोग नोंदवितो. सुब्बाराव १९४० नंतर लेडर्ले प्रयोगशाळेत संशोधनाचे प्रमुख होते, आणि १९४८ साली, म्हणजे त्यांच्या निधनाच्याच वर्षी, तेथील डग्गर ह्यांनी ऑरिओमायसिन हे टेट्रासायक्लिन वर्गातील पहिले प्रतिजैविक जाहीर केले. रक्तातील फॉस्फेट मोजण्याची पद्धती आणि संसर्गावरील एक मोठे औषधकुल, दोहोंच्या इतिहासात एकाच माणसाचे नाव यावे ही गोष्ट आपल्याकडे म्हणावी तितकी प्रसिद्ध नाही.

५

आता भेटीचा प्रसंग. तो एकाएकी घडला नाही. तीन वाटा एकत्र आल्या तेव्हा घडला.

पहिली वाट श्वासाची. १९२४ साली जे. बी. एस. हाल्डेन ह्यांनी विगल्सवर्थ आणि वुड्रो ह्या सहकाऱ्यांसह रक्ताच्या आम्ल-अल्कली स्थितीतील फरकांचा शरीरातील क्षारांवर काय परिणाम होतो ह्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुद्दाम जोरजोराने श्वास घेतला म्हणजे कर्बवायू उडून जाऊन रक्त अल्कलीकडे झुकते आणि फॉस्फेटाचे उत्सर्जन घटते, असे दिसून आले. हे हाल्डेन पुढे १९५७ साली भारतात आले, येथील नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. त्याच १९६४ साली मॉस्टेलर आणि टटल ह्यांनी माणसातील अल्कलीस्थितीचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. श्वासोच्छ्वासाच्या अतिरेकामुळे आलेल्या अल्कलीस्थितीत रक्तातील फॉस्फेट झपाट्याने खाली येते आणि मूत्रातूनही ते जवळजवळ नाहीसे होते. रक्तातून गेले आणि मूत्रात आले नाही, मग गेले कोठे? उत्तर एकच संभवते: पेशींच्या आत. पेशीतील आम्लता कमी झाली की साखर जाळण्याची क्रिया वेगावते, आणि हार्डन-यंग ह्यांनी दाखविल्याप्रमाणे त्या क्रियेत फॉस्फेट साखरेशी बांधले जाते. पेशी जणू बाहेरचे फॉस्फेट आत ओढून घेते.

दुसरी वाट ज्वराची. १९६० साली सिमन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की ग्रॅम-निगेटिव्ह जंतू रक्तात शिरलेल्या रोग्यांत श्वासाचा वेग वाढणे आणि त्यामुळे अल्कलीस्थिती येणे हे संसर्गाचे एक आरंभीचे चिन्ह असते. ग्रॅम हे नाव डॅनिश वैद्य हान्स क्रिस्टियन ग्रॅम ह्यांचे. १८८४ साली त्यांनी जंतू रंगविण्याची जी युक्ती काढली तीवरून जंतूंच्या दोन जाती पडल्या. ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंच्या आवरणातील विष श्वसनाला चेतविते.

तिसरी वाट यंत्राची. १९५७ पासून रक्ताची रासायनिक तपासणी आपोआप करणारी यंत्रे रुग्णालयांत येऊ लागली, आणि एका नमुन्यावर अनेक घटक एकदम मोजण्याची सोय झाली. त्या घटकांच्या मालिकेत फॉस्फेटही बसले. पूर्वी कोणी हेतुपुरस्सर मागितल्याखेरीज न मोजले जाणारे द्रव्य न मागताच अहवालावर येऊ लागले. ह्या गोष्टीचे श्रेय इतिहासकार पुरेसे देत नाहीत असे प्रस्तुत लेखकास वाटते. पुष्कळ शोध प्रश्न विचारल्याने लागतात हे खरे. काही मात्र उत्तर आधी हाती पडल्याने लागतात.

ह्या तिन्ही वाटा जेथे मिळाल्या तेथे १९६९ सालचा रीडलर आणि शाइटलिन ह्यांचा 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधील लेख उभा आहे. रक्तसंसर्गाच्या रोग्यांत फॉस्फेट उतरलेले आढळते आणि ग्रॅम-पॉझिटिव्हपेक्षा ग्रॅम-निगेटिव्ह संसर्गात ते अधिक वेळा आढळते, असे त्यांनी नोंदविले. १९६० आणि १९६४ ही दोन पाने शेजारी ठेवली म्हणजे हा भेद अपेक्षितच वाटतो. अर्थात असे मागाहून पाहणाऱ्यास वाटते.

ह्या टप्प्यावर उतरलेले फॉस्फेट म्हणजे एक चिन्ह होते. धुरावरून अग्नी ओळखावा तसे. नैयायिकांच्या भाषेत ते लिंग होते, कारण नव्हते.

६

त्यानंतरच्या दहा वर्षांत चिन्हाचे कारण झाले. हे परिवर्तन सेप्सिसच्या अभ्यासातून आले नाही. ते अन्नातून आले. १९६८ च्या सुमारास तोंडाने अन्न घेऊ न शकणाऱ्या रोग्यांना शिरेवाटे संपूर्ण पोषण देण्याची पद्धती रूढ होऊ लागली. तीत साखर भरपूर, परंतु आरंभीच्या द्रावणांत फॉस्फेट पुष्कळदा नसेच. साखरेबरोबर इन्शुलिन वाढले, फॉस्फेट पेशींत गेले आणि रक्तात उरेनासे झाले. १९७१ साली ट्रॅव्हिस प्रभृतींनी दाखविले की अशा रोग्यांच्या तांबड्या पेशींत ऊतींना प्राणवायू सोडून देण्यास मदत करणारे फॉस्फेटयुक्त द्रव्य घटते. १९७२ साली सिल्व्हिस आणि परागस ह्यांनी मुंग्या येणे, अशक्तता आणि झटके ह्यांचे वर्णन केले. १९७४ साली क्रॅडक प्रभृतींनी अशा पोषणावर ठेवलेल्या कुत्र्यांवर प्रयोग केले; फॉस्फेट उतरले असता जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींचे कार्य मंदावते असे त्यांना आढळले. 

हे शेवटचे निरीक्षण सेप्सिसच्या दृष्टीने फारच मोठे. आता असे म्हणता येऊ लागले की संसर्गाने फॉस्फेट उतरते, फॉस्फेट उतरल्याने जंतूंशी लढणाऱ्या पेशी दुबळ्या होतात, आणि त्यामुळे संसर्ग बळावतो. धूर आता अग्नीला वारा घालू लागला. १९८५ साली ओबिए प्रभृतींनी श्वसनयंत्रावरील आठ रोग्यांना फॉस्फेट दिल्यावर श्वासपटलाचे बळ वाढल्याचे दाखविले. यंत्रावरून रोगी सुटत नाही तेव्हा फॉस्फेट पाहावे, ही आज अनेक डॉक्टरांची सवय आहे तिचा पाया ह्या छोट्या अभ्यासात आहे. १९९५ साली बोलेर प्रभृतींनी सेप्सिसमुळे रक्तदाब कोसळलेल्या रोग्यांत फॉस्फेट वेगाने भरून काढले असता हृदयाचे कार्य सुधारते असे नोंदविले. १९९८ साली बराक प्रभृतींनी रक्तातील उतरलेले फॉस्फेट आणि दाह पसरविणारी सायटोकाइन द्रव्ये ह्यांचा परस्परसंबंध दाखविला. म्हणजे श्वासाखेरीज आणखीही एक मार्ग पुढे आला.

तरीही ह्या साऱ्यावरून सेप्सिसच्या प्रत्येक रोग्याचे उतरलेले फॉस्फेट भरून काढल्याने मृत्यू टळतात असे सिद्ध झालेले नाही. मोठ्या प्रमाणावरील, चिठ्ठ्या टाकून रोगी विभागलेल्या चाचणीने तसा निर्णय दिलेला नाही. शिवाय विषय उलटही फिरतो. सेप्सिसमध्ये मूत्रपिंडे निकामी होऊ लागली की फॉस्फेट बाहेर पडत नाही आणि रक्तात चढते. त्यामुळे आकडा सामान्य दिसणे हे नेहमीच शुभ नव्हे. एका ओढीने तो खाली आणि दुसऱ्या ओढीने वर जात असता मध्येच कोठे तरी थांबलेला असू शकतो. अवयवांचा बिघाड मोजण्यासाठी १९९६ पासून जी 'सोफा' गुणपद्धती वापरली जाते, तीत फॉस्फेटाला स्थान नाही, ह्याचे आश्चर्य वाटावयास नको.

७

आता मूळ शब्दाकडे. 'हायपोफॉस्फेटेमिया' ह्या लांबलचक नावाचे तीन तुकडे पडतात: 'हायपो' म्हणजे खाली, जो आपल्या 'उप'चा सगोत्र आहे, 'फॉस्फेट', आणि 'एमिया' म्हणजे रक्तात. नाव प्रामाणिक आहे. ते रक्तापलीकडे काहीच सांगत नाही. अडचण नावाच्या वापरात आहे. एखाद्या स्थितीला रोगनामासारखे ग्रीक नाव मिळाले की ती रोगासारखी भासू लागते, आणि न्यूनता म्हटली की भरपाई आलीच.

वस्तुतः प्रौढ शरीरात सुमारे ७०० ग्रॅम फॉस्फरस असतो. त्यातील सुमारे ८५ टक्के हाडांत, उरलेला जवळजवळ सगळा पेशींत, आणि पेशींबाहेरच्या द्रवांत १ टक्क्याहूनही कमी. बाजारात धान्य आले नाही म्हणजे पीक बुडाले असे होत नाही. ते पेवांतही गेलेले असू शकते. बाजार रिकामा दिसण्याची कारणे निरनिराळी असतात, आणि पेव भरलेले असता बाहेरून धान्य आणणे ही निराळी गोष्ट, पेवही रिकामे असता आणणे निराळी. सेप्सिसच्या आरंभी जोरात श्वास घेणाऱ्या, पूर्वी धडधाकट असलेल्या रोग्याचे फॉस्फेट बहुधा पेवात गेलेले असते. महिनाभर उपाशी, मद्यपी, किंवा दीर्घकाळ ॲल्युमिनियमयुक्त आम्लरोधके घेतलेल्या रोग्याचे पेवच रिते असते. १९६८ साली लॉट्झ प्रभृतींनी अशा औषधांमुळे होणारा शरीराचा खरा फॉस्फेट-ऱ्हास वर्णिला होता, आणि पुढे अतिदक्षता विभागात जठराचे रक्षण म्हणून हीच औषधे सर्रास दिली जात असत. दोन्ही रोग्यांच्या अहवालावर आकडा एकच, नाव एकच. फरक ओळखण्याचा एक साधा उपाय मूत्रातील फॉस्फेट पाहणे हा होय. तेथे ते भरपूर असेल तर मूत्रपिंडातून गळती आहे. अगदी थोडे असेल तर पेशींत स्थलांतर झाले आहे किंवा मुळातच आवक तुटली आहे. ज्या द्रवात ब्रांडला हा पदार्थ प्रथम सापडला, तोच द्रव तपासण्याकडे इतिहास असा पुन्हा येतो.

म्हणून मराठी परिभाषेत निदान तीन शब्द वेगळे राखावेत असे सुचवावेसे वाटते. रक्तातील आकडा उतरला एवढेच सांगावयाचे असता 'रक्तफॉस्फेट-अल्पता'. पेशींत जाण्याला 'फॉस्फेट-स्थलांतर'. आणि शरीराचा साठाच आटला असता 'फॉस्फेट-ऱ्हास'. 'न्यूनता' हा शब्द शक्य तो टाळावा, कारण त्यात 'असावयास हवे ते नाही' हा निवाडा आधीच दडलेला आहे. 'स्फुरद' घेतला असता तर अधिक मराठी झाले असते; परंतु स्फुरद हे मूलद्रव्याचे नाव, आणि शिवाय खताच्या पोत्याचा वास त्याला आता कायमचा चिकटला आहे.

हा प्रश्न केवळ कोशकारांचा नव्हे. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांना 'फॉस्फरस कमी झाला आहे' असे सांगितले जाते तेव्हा त्यांना साहजिकच वाटते की रोग्याला आजवर काही तरी कमी पडले, आणि ती दूध, अंडी, मासे ह्यांविषयी विचारू लागतात. कधी कधी त्यांचा प्रश्न अगदी योग्य असतो. पुष्कळदा मात्र उत्तर असे असते की कमी काही पडलेले नाही, जागा बदलली आहे. जंतूंवर औषध लागू पडून श्वास शांत झाला म्हणजे त्यातले बरेचसे आपोआप परत येईल, आणि तोवर आकडा फार खाली जाऊ लागला तर शिरेवाटे थोडे थोडे देण्यात येईल.